तिची माय कुठं गेली? : रात्री आठच्या मालिकेच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
रात्री आठ वाजता लागणाऱ्या मालिकेचे निर्माते, कथालेखक, संवादलेखक आणि चॅनलचे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मालिकेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. उगाच फुकटची जाहिरात व्हायची. वाचाल तेव्हा आपल्यालाच म्हणते आहे हे तुम्हाला कळेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात चक्की चालवते, दळणाची. समोरच्या खोलीत चक्की, मागच्या खोलीत टीव्ही, मधे नुसता पडदा. सांजच्याला गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आटोपली की बाया गव्हा-ज्वारीचे डबे घेऊन येतात. आठ वाजता मी मोटर बंद करते आणि साडेआठला चालू करते. पाहुणा येऊन बसला असेल आणि घरात पीठ नसेल, तरी त्या अर्ध्या तासात आमच्या गावात पीठ मिळत नाही. सरपंचाच्या घरच्यालाही मिळत नाही. म्हणजे तुमच्या मालिकेपायी मी रोजचा अर्ध्या तासाचा धंदा सोडते. वरून २०१९ च्या फेब्रुवारीपासून चॅनल निवडून पैसे भरायची पद्धत आली, तेव्हा पोराला सांगून तुमचं चॅनल नाव घेऊन घेतलं होतं. तेव्हा फुकट बसून बोलणाऱ्यांतली मी नाही, एवढंच आधी सांगून ठेवते.

आणि हेही सांगते की आमचा जीव होता या मालिकेवर.

तुमची नायिका आमच्याकडची. यवतमाळकडची पोट्टी पुण्याच्या वाड्यात सून होऊन गेली आणि पहिल्याच रात्री सगळ्यांसमोर म्हणाली, "मले भूक लागली." माझ्या मागच्या खोलीत त्या दिवशी टाळ्या पडल्या. टीव्हीवर कोणी "मले" म्हणालं आणि त्यावर मागून हसण्याचा आवाज लावला नाही, असं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. पात्रांची नावं आम्ही कधी वापरली नाहीत, आमची आम्ही ठेवली. नायिका म्हणजे "आपली पोट्टी". तिचा नवरा "मुकाट्या", कारण त्याची माय बोलली की तो भिंतीकडे पाहतो. थोरली जाऊ "डबेवाली". तिनं पहिल्या आठवड्यात धाकटीसाठी फराळाच्या डब्याखाली लाडू लपवून ठेवले होते, तेव्हापासून. पोट्टीचा बाप "बुढा". आणि माय म्हणजे नुसती "माय".

आता मुद्द्यावर येते.

दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही दोन तासांचा महाभाग दाखवला. त्यात बुढ्यानं आत्महत्या केली. कशी केली तेही तुम्ही दाखवलं. मी ते इथं लिहिणार नाही, आणि तुम्हीही दाखवायला नको होतं. आठ दिवस आधीपासून जाहिरात चालू होती, "पाहायला विसरू नका". तो प्रसंग झाला आणि लगेच सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात लागली. धनत्रयोदशीची सूट.

शेतकऱ्याची आत्महत्या दाखवूच नका, असं माझं म्हणणं नाही. दाखवा. आमच्याकडे घडतं, तर का दाखवू नये? २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांना पॅकेज मिळालं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. तेव्हापासून आमच्या दारात कॅमेरे येऊन राहिले. चार-दोन घरं फिरतात, बाईला म्हणतात, "जरा फोटो हातात घ्या ना." बाई रडली की त्यांचं काम झालं. ते बातमीवाले होते, त्यांना संध्याकाळपर्यंत बातमी पाठवायची असते. तुमच्याजवळ तर रोजचा अर्धा तास आहे, आठवड्याचे सहा दिवस. तरी तुम्ही त्यांच्यासारखंच केलं. माय रडली, तुम्ही कॅमेरा उचलला आणि पुण्याला गेलात.

मंगळवारी बाप गेला. शनिवारी पोट्टी नवा शालू नेसून वाड्यातल्या कुठल्याशा सोहळ्यात फुगडी खेळत होती. तेरवी नाही. दहावं नाही. बापाचं नाव त्यानंतर एकदाच निघालं, तेही सासूनं टोमणा मारला तेव्हा.

आणि माय? मायचं शेवटचं दर्शन म्हणजे उंबरठ्यावर बसवून तिच्या बांगड्या फोडल्या ते. तीन बाजूंनी दाखवलं, हळू करून दाखवलं, दुसऱ्या दिवशी "मागील भागात" म्हणून परत दाखवलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ही विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं. आमच्या गावात ते परिपत्रक किती पाळलं जातं हा वेगळा विषय आहे, त्यावर बोलले तर माझ्याच घरचे मला रागावतील. पण निदान लाज वाटायला लागली होती. मागच्या वर्षी एका मयतीत म्हातारीनं स्वतःहून म्हटलं, "राहू द्या तिच्या बांगड्या." आणि तुम्ही त्या सगळ्याला बासरी-सारंगी लावून पुन्हा घरोघरी पाठवलं.

त्या दिवशी माझ्या खोलीत अकरा बाया होत्या. त्यातली एक अशी की तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी असाच गेला. नाव लिहीत नाही. ती रडली नाही. भाग संपल्यावर उठली, डबा उचलला, आणि मी मोटर चालू करायच्या आधी एवढंच म्हणाली, "मायचं काय झालं मंग?"

मी म्हटलं, दाखवतील उद्या.

त्याला आता दीड महिना झाला. ती रोज येते, रोज पाहते, जाताना विचारते. आधी मला वाटलं सवयीनं विचारते. मग लक्षात आलं, तिला खरंच पाहायचं आहे. नऊ वर्षं ती जे करून राहिली, ते कोणी टीव्हीवर करताना तिला पाहायचं आहे.

तुम्हाला कदाचित वाटत असेल की बाप गेल्यावर मायच्या गोष्टीत काय उरतं? म्हणून थोडं सांगते. तुमच्या मालिकेत मयतीच्या दुसऱ्याच दिवशी एक पुढारी आला आणि त्यानं पाच लाखांचा चेक मायच्या हातात दिला. कोणत्या गावात झालं हो हे? २००६ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे मदत एक लाखाची. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. तेही प्रकरण "पात्र" ठरलं तर. तलाठी पंचनामा करतो, तहसीलचा अहवाल जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे कागद येतात. सातबारावर नाव पाहिजे, कर्ज मान्य बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. आमच्या या बाईचं प्रकरण अपात्र झालं, कारण शेत सासऱ्याच्या नावावर होतं. कसत होता नवरा, नाव सासऱ्याचं. कागदाच्या हिशेबानं तो शेतकरीच नव्हता.

मग तिनं काय केलं? वारस नोंदीसाठी किती हेलपाटे घातले ते तिलाच माहीत. भासऱ्यानं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण काढलं. (भासरा म्हणजे थोरला दीर, तुमच्या पोट्टीच्या तोंडी हा शब्द एकदाही आला नाही.) पहिल्या वर्षी कृषी केंद्रवाल्यानं उधारीत बियाणं द्यायला नाही म्हटलं, बाईमाणूस फेडणार कुठून म्हणून. ती दुसऱ्यांच्या शेतात किलोच्या भावानं कापूस वेचायला गेली, त्या पैशानं आपल्या शेतात तूर पेरली. पोरगी आता नर्सिंगला आहे. आता सांगा, यात तुमचे तीनशे भाग निघत नाहीत का? सासूनं दुधात काय मिसळलं यावर तुम्ही बावीस भाग काढले. मी मोजले आहेत, चक्कीच्या वहीत मागच्या पानावर.

दुसरी गोष्ट डबेवालीची. ही माझी स्वतःची तक्रार आहे, गावाची नाही.

दोन जावा मध्यरात्री स्वयंपाकघरात फरशीवर बसून शिळ्या पोळीचा कुस्करा खातात आणि हसून हसून ठसका लागतो, असा एक भाग होता. काही घडत नाही त्यात. एकजण विचारते, "तुला इथं करमतं का?" दुसरी म्हणते, "तुमाले करमते का?" आणि दोघी गप्प होतात. मी इतकी वर्षं टीव्ही पाहते, दोन जावांमधलं असं बोलणं मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे दोन सख्ख्या जावा आहेत, चार वर्षांपासून एकमेकींशी बोलत नाहीत, दळणाला मात्र एकाच वेळी येतात. त्या भागाच्या वेळी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लाजल्या. बोलल्या नाहीत. पण लाजल्या.

त्याच डबेवालीला तुम्ही गेल्या महिन्यात एका रात्रीत खलनायिका केलं. आदल्या दिवशी ती धाकटीच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, दुसऱ्या दिवशी काजळ जाड करून जिन्यावर उभी राहून स्वतःशीच बोलायला लागली. का? कारण नाही. मालमत्ता? तिला वर्षभर मालमत्तेचं काही पडलं नव्हतं. मत्सर? असू शकतो, जावांमध्ये असतोच, पण तो मुंगीच्या पावलानं येतो. एखाद्या दिवशी धाकटीच्या भाजीचं कौतुक जास्त होतं, एखाद्या सणाला साडीत फरक पडतो, तिथून सुरू होतो. तेवढं दाखवायला तुम्हाला आठ-दहा भाग लागले असते आणि आम्ही जागेवरून हललो नसतो. तुम्ही नुसतं संगीत बदललं.

माझी पोरगी म्हणते, "आई, टीआरपी पडला असेल." असेल बापा. काही घरांत मीटर बसवून रेटिंग मोजतात, त्यात २०१५ पासून खेडीही धरतात म्हणे. आमच्या गावात तर मीटर दोनच प्रकारचे, घरच्या लाइनचा आणि माझ्या चक्कीचा. त्यामुळे आमचं मत तुमच्याकडे कसं पोचत असेल, मला कळत नाही. म्हणून हे पत्र.

तिसरं, बोलीबद्दल. पहिला महिनाभर पोट्टी वऱ्हाडी बोलली. मग हळूहळू पुण्याची झाली. ठीक आहे, सासरी बोली बदलते, माझ्या नणंदेचीही बदलली. पण आता मालिकेत वऱ्हाडी कोण बोलतं? गाडी धुणारा गडी आणि भाजी जाळणारी स्वयंपाकीण. आणि कसं बोलतात? प्रत्येक वाक्यामागं "बे". अहो, "बे" हा पोट्ट्यांनी पोट्ट्यांना म्हणायचा शब्द आहे. तुमच्या स्वयंपाकिणीनं मालकिणीला "काय बे" म्हटलं तेव्हा आम्ही हसलो, पण तुमच्या विनोदाला नाही. उलट जे खरं ओळखू येतं ते तुमच्या संवादांत येतच नाही. आमच्या बाया स्वतःबद्दल "मी जातो", "मी करतो" म्हणतात. मीही बोलताना म्हणतो. लिहायला बसले की शाळेतल्या बाईंची छडी आठवते आणि "म्हणते" होतं. "जाऊन राहिलो", "काहून", "कायले" हे सगळं राहून गेलं, आणि "लय भारी" आलं. ते तर कोल्हापूरकडचं.

कापसाचं लवकर सांगून टाकते. बुढा शेतात उभा राहून म्हणतो, "पेरणीला पैसा नाही", आणि त्याच्या मागं बोंडं फुटून शेत पांढरं झालेलं. पेरणी मृगाची. कापूस फुटतो दसरा-दिवाळीच्या सुमाराला, वेचण्या संक्रांतीच्या पुढंही चालतात. ज्याच्या मागं असा पांढरा कापूस उभा आहे तो त्या दिवशी पेरणीला नाही, वेचणाऱ्या बाया मिळत नाहीत म्हणून रडतो. माती तांबडी होती आणि लांबवर नारळाची झाडं होती, ते तर सोडूनच देते.

मुकाट्याबद्दल काय लिहू? सोमवारी बायकोवर हात उचलतो, गुरुवारी गजरा आणतो, आणि गजऱ्यावर गाणं लागतं. आमच्या खोलीत त्या गाण्याच्या वेळी पाणी प्यायला उठायची पद्धत आहे.

तक्रार करायची सोय आहे हे मला माहीत आहे. २०२१ च्या नियमांत आधी चॅनलकडे, मग त्यांच्या संघटनेकडे, मग सरकारकडे असं लिहिलेलं आहे. पोरानं मोबाइलवर काढून दाखवलं. पण तिथं जातात ते काही बंद करा म्हणायला. मला तर तुम्ही अर्धवट सोडलेलं पुढं चालू व्हायला पाहिजे आहे. तर मागण्या अशा:

मायला परत आणा. स्वप्नात नको, फोटोला हार घालताना नको. तिच्या घरात, तिच्या शेतात. पोट्टीला माहेरी जाऊ द्या आणि चार दिवस तिथं राहू द्या. तेरवी होऊन गेली असेल, वर्षश्राद्ध तर अजून आहे.

आत्महत्येचा विषय पुन्हा घ्याल तेव्हा कृती दाखवू नका, आणि पडद्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक दाखवा, वाचता येईल इतका वेळ. फुकट लागतो. सिगारेट दिसली की खाली पट्टी येते, मग इथं का नाही?

डबेवालीला एकतर कारण द्या, नाहीतर ती आजारी होती, रागात होती, काहीही म्हणा आणि परत त्या फरशीवर बसवा. आम्ही समजून घेऊ. आम्ही तुमचं मेलेलं माणूस जिवंत होणं दोनदा समजून घेतलं आहे.

संवाद लिहून झाले की आमच्याकडच्या एखाद्या बाईला वाचून दाखवा. फोनवर दाखवा. मानधनही द्या तिला.

यातलं काहीच झालं नाही तर मी मोर्चा काढणार नाही, टीव्हीही फोडणार नाही. हप्त्यावर घेतलेला आहे. फक्त आठ वाजता चक्की चालू राहील. खोलीत काही बाया त्याच विचाराच्या आहेत, काही म्हणतात अजून महिनाभर पाहू.

एक गंमत सांगते. तुम्ही माय सोडून दिली, तर दळणाला थांबल्या थांबल्या बायांनी तिची गोष्ट स्वतःच चालवली आहे. एकीनं तिला बचत गटात टाकलं. दुसरी म्हणाली, नाही, आधी ती बैलजोडी विकेल, एक बैल ठेवेल. त्यावर दोन दिवस भांडण झालं, एका बैलावर शेती होते का म्हणून. शेवटी शेजाऱ्याशी सावड करायची ठरली. पोट्टीनं मायला पुण्याला बोलावलं असं एकीनं सुचवलं, तर ती नऊ वर्षंवाली बाई म्हणाली, "थे नाही जात. दुसरी वेचनी बाकी हाय तिची." तेव्हापासून आमच्या गोष्टीतली माय शेतातच आहे.

तुम्हाला शूटिंगला घर लागलं तर माझं आहे. भाडं नको. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, मागं गोठा. रंग मात्र देऊ नका भिंतींना. जानेवारीच्या आत आलात तर कापूसही मिळेल, खरा. आणि येताना सकाळची गाडी पकडा. दुपारी लाइन जाते.

कळावे,

आपली रोजची प्रेक्षक,
एक चक्कीवाली
जिल्हा यवतमाळ

ता. क. वरच्या पत्रात "मी मोजले आहेत" लिहिलं ते बावीस नाहीत, तेवीस आहेत. वही पुन्हा पाहिली.